मैत्रिणी, होडी आणि वाशिष्ठीची खाडी

कोकणातल्या मुसलमान घरांत पाण्याच्या गोष्टींना तोटा नाही. कुणाचे पणजोबा मचव्यावर तांडेल होते, कुणाचे चाचा आगबोटीवर सारंग होते, कुणाचे मामू आजही जहाजावर आहेत. बैठकीच्या खोलीत एखादा जुना फोटो असतोच, पांढऱ्या गणवेशातला, मागे कुठल्या तरी परदेशी बंदराच्या क्रेन. पण याच घरांतल्या बायकांना विचारा की तुम्ही खाडीत शेवटच्या कधी गेला होतात. लग्नाच्या वऱ्हाडात, बाळंतिणीला दवाखान्यात नेताना, पलीकडच्या गावी मय्यत झाली तेव्हा. रस्ते झाले, पूल झाले, एसटी दारापर्यंत आली, तसं तेही थांबलं. नुसतं फिरायला म्हणून होडीत बसलो होतो, असं आम्हा आठ मैत्रिणींपैकी एकीलाही सांगता येत नव्हतं.

आम्ही वाशिष्ठीच्या काठावरच्या. अंगणातून पाणी दिसतं, भरती आली की वास येतो, बाजारात बोय आणि कोळंबी कुठल्या वळणावरची हे आम्ही डोळे मिटून सांगू. तरी खाडी आमच्यासाठी खिडकीतलं चित्र होती. आणि यंदा आमच्यातली एक जण गाव सोडून चालली होती. मुलगा मुंब्र्याला स्थायिक झालेला, गुडघे दुखतात, एकटीनं एवढं घर सांभाळवत नाही. आमच्या मोहल्ल्यात कुलपं लागलेली घरं मोजायची सवय आता गेली आहे, पण हे कुलूप जवळचं होतं. निरोपाची दावत कुणाच्या घरी ठेवायची यावर चर्चा चालली होती, तेव्हा तीच म्हणाली, "दावत नको. मला एकदा खाडीतून दाभोळपर्यंत न्या."

घरोघरी हा बेत कळला तेव्हा हसणारे हसले. बायकांनी होडीत बसून करायचं काय, हा प्रश्न तीन घरांत तरी विचारला गेला. बुरखा सांभाळणार की जीव, हा दुसरा. अशा वेळी आम्हाला उम्मे हराम बिन्ते मिल्हान (रजि.) आठवतात. हजरत पैगंबर (सल्ल.) यांनी त्यांच्या घरी विश्रांती घेतली आणि हसत जागे झाले. आपल्या उम्मतीतले लोक समुद्रावर सफर करताना त्यांनी स्वप्नात पाहिले होते. ते ऐकून या बाईंनी काय मागितलं? त्या लोकांत मीही असावी अशी दुआ करा, एवढंच. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत त्या पती हजरत उबादा बिन सामित (रजि.) यांच्याबरोबर जहाजानं सायप्रसला गेल्या. तिथं सवारीवरून पडून त्यांचं निधन झालं. लार्नाका शहराजवळ खाऱ्या तळ्याच्या काठी त्यांची मजार म्हणून दाखवली जाणारी जागा आजही आहे. त्यांची सफर जिहादची होती, आमची सहल होती, तुलना करायचं कारण नाही. पण समुद्र हा फक्त पुरुषांचा, असं कुणी म्हणू लागलं तर हा दाखला आपल्याजवळ असावा.

आमच्यातल्या एकीचा भाऊ मोटार-होडी चालवतो. पूर्वी मासेमारी करायचा, आता मोसमात पाहुण्यांना मगरी दाखवायला नेतो. होडी लाकडी, आत डिझेल इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर, दोन्ही बाजूंना बसायला फळ्या. तो आणि त्याचा मुलगा असे दोघे चालवणारे, आम्ही आठ जणी आणि दोन नाती, एकूण बारा माणसं.

तारीख ठरवायला त्यानं कॅलेंडरवरचा रविवार बघितला नाही, चांद विचारला. हे आमच्या लहानपणी घरोघरी ठाऊक होतं, आता विसरत चाललंय, म्हणून थोडं विस्तारानं सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. यावरूनच जुन्या लोकांनी हिशेब बसवला होता: तिथीची पाऊणपट करा, जवळपास तितक्या वाजता पाणी पूर्ण भरलेलं मिळेल. पंचमीला पावणेचार. आपली चांदाची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, तेवढं धरून चाललं की झालं. खाडीत आत वरच्या अंगाला भरती पोचायला आणखी वेळ लागतो, तो प्रत्येक गावचा वेगळा.

भाईनं चांदाची चौथी धरली. सकाळी ओहोटीबरोबर खाली जायचं, दुपारी भरतीबरोबर वर यायचं. वाराही तसाच. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारा समुद्राकडे वाहतो, दुपारनंतर समुद्राकडचा वारा आत शिरतो. शिडाच्या काळात मचवे याच दोन गोष्टींवर चालत. इंजिन आलं तेव्हापासून कुणी वाट बघत नाही, पण पाण्याविरुद्ध जोर लावला की डिझेल जास्त जळतं आणि होडी आदळत राहते. आम्हाला घाई नव्हती, आदळायचंही नव्हतं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. साडेसातला धक्क्यावर जमलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. आणि तिथंच पहिला खोळंबा झाला, लाइफ जॅकेटचा.

होडीत सातच जॅकेटं होती. भाईनं आदल्या रात्री दुसऱ्या होडीवाल्याकडून पाच मागून आणली होती, त्यातली दोन लहान मुलांची. मुलांचं जॅकेट वेगळंच लागतं. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात पडल्यावर ते वर सरकतं आणि मूल खाली निसटतं. मुलींच्या जॅकेटला दोन पायांमधून घ्यायचा पट्टा होता, तो त्यानं स्वतः तपासला. आमच्या जॅकेटच्या पट्ट्या बुरख्यावरूनच आवळायच्या. बुरख्याच्या आत जॅकेट घालू नका हे त्यानं दोनदा सांगितलं, कारण वेळ आली तर धरून ओढायला ते बाहेर दिसलं पाहिजे. ओढणी मानेभोवती गुंडाळायची नाही, पिन लावून टाकायची. सगळ्यांनी ऐकलं, एकीनं सोडून.

आमच्यातली सगळ्यात मोठी, बहात्तर वर्षांची. आम्ही तिला मैत्रीण म्हणतो, पण हाक चाची अशीच मारतो. ती फळीवर बसली, तसबीह काढली आणि म्हणाली, "मला हे घालू नका. वाचवणारा अल्लाह आहे."

भाईनं वाद घातला नाही. नांगराचा दोर पुन्हा खुंट्याला गुंडाळला आणि बिडी काढून धक्क्यावर जाऊन बसला. पाच मिनिटं गेली. चाचीनं विचारलं, "इंजिन बिघडलं का?"

"इंजिन ठीक आहे चाची. तुमचं जॅकेट झालं की सुरू करतो."

आणखी दोन मिनिटं. मग चाचीनं हात पुढे केले. पट्ट्या आवळून होईपर्यंत ती गप्प होती, आणि होडी सुटल्यावर मात्र तिनं आपणहून रामदासची गोष्ट काढली. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट ऐन पावसाळ्यात बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. चाचीचा जन्म त्यानंतरचा. पण तिच्या आईनं आयुष्यभर बोटीत पाऊल ठेवलं नाही, आणि मुलींनाही ठेवू दिलं नाही. म्हणजे ती सकाळी तसबीह घेऊन बसली होती ती बेफिकिरीनं नव्हे. तिला भीती वाटत होती, आणि जॅकेट घालणं म्हणजे ती भीती कबूल करणं होतं. हे आम्हाला तेव्हा उमगलं.

रामदास जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि सुट्टीची सैर करायला निघालेली कुटुंबं पाण्यात पडली. त्यानंतर तिथं जॅकेटं सक्तीची झाली. आमच्या खाडीत कुणी तपासायला उभं नसतं. तेव्हा आपणच धक्क्यावर माणसं मोजावीत, जॅकेटं मोजावीत, आणि आकडे जुळेपर्यंत चढू नये. होडीवाल्याला वाईट वाटेल अशी भीड अनेकदा आड येते. चांगल्या होडीवाल्याला वाईट वाटत नाही.

चढताना सगळ्यांनी सूरह हूदमधली, हजरत नूह (अलै.) यांच्या नावेची दुआ पढली. नातींना ती मदरशात पाठ झाली होती. पाठ झालेली दुआ पहिल्यांदाच तिच्या जागी म्हणायला मिळाली, याचा त्या दोघींना कोण आनंद!

ओहोटी अजून जोरात होती. इंजिन हळू ठेवूनही काठ भराभर मागे जात होते. दोन्ही बाजूंना चिपी आणि तिवरांचं रान, त्यांच्या मुळांशी उघडा पडत चाललेला चिखल, त्यावर लाल नांग्यांचे खेकडे. एका वळणावर भाईनं इंजिन मंद केलं आणि बोट दाखवलं. चिखलावर ओंडक्यासारखी मगर पडली होती, उन्हासाठी तोंड उघडं ठेवून. वाशिष्ठीत मगरी पूर्वीपासून आहेत, थंडीत सकाळी ओहोटीला त्या हमखास बाहेर येतात. धाकटी नात आजीच्या मांडीवर चढली. सगळ्या बघायला एका बाजूला सरकू लागल्या तशी सुकाण्यावरून हाक आली, "बसल्या जागेवरून बघा!" होडी उलटायला वादळ लागत नाही, फोटोसाठी एका अंगाला झालेली गर्दी पुरते.

पुढे खेडकडून येणारी जगबुडी मिळते आणि पात्र रुंद होतं. हातपाटीनं वाळू काढणारे पडाव दिसले. डुबकी मारून पाटीभर वाळू वर आणणारा माणूस दिवसातून किती वेळा खाली जात असेल, याचा हिशेब करायचा आमच्यातल्या शाळामास्तरीण बाईंनी प्रयत्न केला आणि सोडून दिला. वाशिष्ठीला बारमाही भरपूर पाणी असतं, त्याचं एक कारण कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी तिच्यात सोडलं जातं. हेच पाणी २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या घराघरांत शिरलं होतं. आमच्यातल्या दोघींची माहेरं त्यात बुडाली. त्या दिवशी त्या दोघी इतरांपेक्षा जास्त वेळ पाण्याकडे बघत होत्या, आणि आम्ही विषय काढला नाही.

दहाच्या सुमारास दाभोळ. समोर दक्षिणेला वेलदूर, त्यामागे वीज प्रकल्पाची धुराडी आणि पुढे अंजनवेलचा गोपाळगड. धोपाव्याहून गाड्या भरून फेरीबोट येत होती. ती सेवा २००३ पासून आहे, गुहागर आणि दापोली तिच्यामुळे शेजारी झाली. भाईनं मुखापलीकडे होडी नेली नाही. तिथं वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, आणि ही होडी खाडीची आहे, दर्याची नाही.

आजचं दाभोळ लहानसं गाव आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात मात्र ते या किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. घोडे उतरत, कापड चढे, हजला जाणारे इथून जहाजात बसत. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं ते लुटलं आणि जाळलं. धक्क्यापासून थोड्या अंतरावर शाही मशीद उभी आहे, काळा दगड, मोठा घुमट, कोपऱ्यांवर मिनार. विजापूरच्या एका शहजादीची तिच्याविषयी दंतकथा आहे. शहजादी हजला निघाली होती, समुद्र सुरक्षित नव्हता, जहाज सुटेना. बरोबर आणलेली दौलत परत न्यायची नाही म्हणून तिनं इथं मशीद बांधवली असं लोक सांगतात. आम्ही बाहेरून, आवाराच्या पायऱ्यांवरून पाहिली. जी चालली होती तिनं दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "बिचारीला समुद्र बघून परत जावं लागलं."

बायकांची सहल म्हटली की उतरल्यावर पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा. पर्यटनाच्या जाहिरातीत मगर असते, डॉल्फिन असतो, हे कधीच नसतं. आम्ही आधीच धक्क्याजवळच्या एका नातेवाईकांच्या घरी सांगून ठेवलं होतं. तिथं हातपाय धुतले, जोहर पढली, त्यांच्या ओटीवर चहा झाला. पुरुष मशिदीत जाऊन आले. ज्यांची अशी ओळख नसेल त्यांनी निघण्यापूर्वी याची चौकशी करावी, लाजू नये.

दीडला परत निघालो. जेवण होडीतच ठरलं होतं. थोडं वर येऊन तिवरांच्या सावलीला नांगर टाकला आणि फळ्यांच्या मधल्या जागेत दस्तरखान पसरला. टोपभर अकनी, सुका खिमा भरून गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली कोळंबी, सोलकढी, आणि सांदणं. सांदणं जिनं केली होती तिनं पहाटे तीनला उठून नारळ खवला होता. नेहमीच्या दावतीत आठपैकी चार जणी स्वयंपाकघरात असतात, दोन वाढत असतात. इथं वाढायला जागाच नव्हती. टोप मध्ये, आम्ही भोवती. सगळ्या एकाच वेळी जेवल्या, गरम नव्हतं तरी. उरलेलं आणि पत्रावळी पिशवीत भरून परत आणल्या. खाडीत काहीही टाकायचं नाही ही भाईची दुसरी अट होती. प्लास्टिक पंख्यात अडकलं की भर पाण्यात इंजिन बंद पडतं, हे त्याचं कारण. आमच्याकडे आणखीही कारणं होती.

जेवणानंतर पाणी वर चढू लागलं होतं. चाचीनं विचारलं, "इंजिन न लावता घरी पोचू का?" भाई हसला, "घरी नाही, पण अर्धा तास तरी जाऊ." त्यानं नांगर उचलला आणि इंजिन लावलंच नाही. त्याचा मुलगा बांबू घेऊन नाळेवर उभा राहिला, काठाला लागू नये म्हणून.

सकाळपासून इंजिनाच्या धडधडीत आम्ही ओरडून बोलत होतो, हे ती थांबल्यावर लक्षात आलं. भरती होडीला आपल्या चालीनं नेत होती. खंड्या सूर मारताना पाण्याचा जो बारीकसा आवाज होतो तो ऐकू येत होता. लांबून कुठल्या तरी वाडीतल्या कोंबड्याचा. कुणीच काही बोलेना. आठ बायका आणि पूर्ण शांतता, घरच्यांना सांगितलं तर पटायचं नाही. मोबाइल कुणी काढला नाही, तिथं रेंजही नव्हती.

मग ती बोलू लागली. मुंब्र्याच्या घराविषयी. सातवा मजला, लिफ्ट आहे, सून चांगली आहे. मुंब्र्यालाही खाडी आहे, तिनं सांगितलं, रेल्वेतून दिसते. पण तिथं कुणाच्या दारावर थाप मारून मीठ मागायची पद्धत नाही. तिला घर विकायचं नाहीये. मुलाला वाटतं विकावं, कोण बघणार. तिनं अजून त्याला हो किंवा नाही म्हटलेलं नाही. हे सगळं ती आमच्याकडे न बघता, काठाकडे बघत सांगत होती. आम्ही गेली चाळीस वर्षं रोज भेटतो, पण हे तिनं ओटीवर बसून कधी सांगितलं नव्हतं. ओटीवर कुणीतरी येतं, कुकरची शिट्टी होते, नळाला पाणी येतं. इथं उठून जायला कुठं नव्हतंच.

"चावी माझ्याकडे ठेव," चाची म्हणाली. "दर जुम्म्याला खिडक्या उघडेन. विकायचं ते नंतर बघा." तिनं मान हलवली. हो म्हणून की कसं, ते आम्हाला नीट कळलं नाही.

असरची वेळ झाली तेव्हा गाव अजून तासभर दूर होतं. आम्ही कोकणातले शाफई, आमची असर लवकर होते. नावेत नमाजचा मसला सोपा आहे. उभं राहता येत असेल तर उभ्यानं, पडण्याची भीती असेल तर बसून. किबल्याकडे तोंड करून सुरुवात करायची आणि नाव वळली तर जमेल तसं आपण वळायचं. वजूचं काय? समुद्रसफरीत गोडं पाणी थोडंच असतं, त्यानं वजू केला तर प्यायला उरत नाही, असा प्रश्न एकानं खुद्द पैगंबर (सल्ल.) यांना विचारला होता, आणि समुद्राचं पाणी पाक करणारं आहे असा निर्वाळा मिळाला होता. त्या हदीसमागे एक होडी आहे हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बादलीला दोर बांधून भाईच्या मुलानं पाणी काढून दिलं. काठावरून वाकून हात घालायचा नाही, मगरीमुळेही आणि तोल जातो म्हणूनही. जॅकेट न काढता, फळ्यांवर बसून, दोन-दोन जणींनी पढली. होडी मध्येच एकदा वळली तेव्हा नातींनी आजीचा खांदा धरून तिला हळूच किबल्याकडे फिरवलं.

पाचला धक्क्याला लागलो. भाईनं जॅकेटं मोजून घेतली, बारा. चाचीचं शेवटी आलं, कारण पट्टीची गाठ तिनं सकाळी अशी घट्ट मारली होती की ती सुटेना, आणि कापू द्यायला ती तयार नव्हती. मगरिबनंतर चौथीचा चांद पश्चिमेला होता, त्याच्या हिशेबानं पुढची सोयीची तारीख आम्ही तिथंच उभ्या उभ्या काढली.

ती मुंब्र्याला गेली त्याला आता महिना झाला. चावी चाचीकडे आहे. मधल्या काळात मोहल्ल्यातल्या आणखी दोन घरांतून भाईला फोन गेले. दोन्ही वेळा त्यानं आधी एकच विचारलं, मोठे किती आणि मुलं किती.